लेओनार्दो तोरेस केवेदो

लेओनार्दो तोरेस केवेदो (२८ डिसेंबर, इ.स. १८५२ – १८ डिसेंबर, इ.स. १९३६) हे स्पॅनिश स्थापत्य अभियंता, गणितज्ञ आणि यंत्रसंशोधक होते. बिनतारी लहरींच्या साहाय्याने दुरून यंत्र चालविणारे तेलेकिनो हे उपकरण, समीकरणांची मुळे शोधणारी बीजगणितीय यंत्रे, बुद्धिबळातील एक अंतिम डाव माणसाच्या मदतीविना खेळणारे यंत्र आणि नायगारा नदीवरचा रज्जुमार्ग ही त्यांची प्रमुख कामे होत. इ.स. १९०४ मध्ये माद्रिद येथे त्यांनी विजेवर चालणारी तीनचाकी गाडी तिला हात न लावता, बिनतारी लहरींनी चालवून दाखविली. जमिनीवरील वाहन अशा रीतीने चालविल्याचे हे पहिले ज्ञात उदाहरण मानले जाते. आज छंद म्हणून किंवा शर्यतींसाठी चालविल्या जाणाऱ्या रेडिओ नियंत्रित मोटारगाड्यांची वंशावळ शोधू गेल्यास ती या तीनचाकीपाशी येऊन पोहोचते. अशा गाड्यांतील दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे डिफरन्शियल. तो तोरेस केवेदो यांचा शोध नव्हे. परंतु त्याचा त्यांनी केलेला उपयोग इतका वेगळा आहे की त्याचा परिचय करून घेतल्याशिवाय त्यांचे काम नीट समजत नाही.

== जन्म आणि शिक्षण ==

तोरेस केवेदो यांचा जन्म उत्तर स्पेनमधील कांताब्रिया प्रांतात, इगुन्या खोऱ्यातील सांता क्रूस दे इगुन्या या गावी झाला. स्पॅनिश प्रथेनुसार नावापुढे वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे लावली जातात. त्यांतील तोरेस हे पित्याकडून आणि केवेदो हे मातेकडून आलेले आहे. वडील लुईस तोरेस हे रेल्वेचे अभियंता होते आणि कामानिमित्त कुटुंबाचे वास्तव्य मुख्यतः बिल्बाओ शहरात असे. वडिलांना वारंवार बाहेरगावी जावे लागे. त्या काळात लेओनार्दो यांचा सांभाळ बारेनेचेआ घराण्यातील नातेवाईक भगिनींनी केला. पुढे त्यांनी आपली मालमत्ताही त्यांच्या नावे केली. या वारशामुळे उदरनिर्वाहाची चिंता उरली नाही. एरवी हे सारे संशोधन सरकारी नोकरीच्या फावल्या वेळात करावे लागले असते आणि बहुधा झालेच नसते.

बिल्बाओ येथील शिक्षणानंतर ते काही काळ पॅरिसमध्ये शिकले. कुटुंब माद्रिदला स्थलांतरित झाल्यावर इ.स. १८७१ मध्ये त्यांनी तेथील रस्ते व पूल अभियंत्यांच्या शासकीय विद्यालयात प्रवेश घेतला. तिसऱ्या कार्लिस्ट युद्धात बिल्बाओला वेढा पडला, तेव्हा शिक्षण थांबवून ते शहराच्या रक्षणासाठी स्वयंसेवक म्हणून गेले. इ.स. १८७६ मध्ये ते पदवीधर झाले. रेल्वेतील नोकरी त्यांनी थोडक्या दिवसांत सोडली, युरोपभर प्रवास करून विजेच्या क्षेत्रातील नव्या घडामोडी पाहिल्या आणि मग मायदेशी परतून स्वतःच्या अभ्यासाला वाहून घेतले. इ.स. १८८५ मध्ये लूस पोलांको यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला आठ अपत्ये झाली.

== रज्जुमार्ग ==

त्यांचे पहिले मोठे काम गावातल्या घराजवळच उभे राहिले. खोऱ्याच्या दोन बाजूंना जोडणारा सुमारे २०० मीटर लांबीचा रज्जुमार्ग त्यांनी बांधला. तो ओढण्यासाठी गायींची जोडी जुंपलेली असे. महाराष्ट्रातील विहिरींवर बैल मोट ओढत, त्याच जातीची ही योजना होती. या रचनेचे पेटंट त्यांनी इ.स. १८८७ मध्ये घेतले.

तिच्यातील खरी कल्पना दोरांना ताण देण्याच्या पद्धतीत होती. एरवी दोराची दोन्ही टोके घट्ट बांधली जात. त्यामुळे पाळण्यात माणसे वाढली किंवा पाळणा मध्यावर आला की दोरावरचा ताण वाढे. तोरेस केवेदो यांनी पाळण्यासाठी अनेक समांतर दोर घेतले आणि प्रत्येक दोराच्या टोकाला स्वतंत्र वजन लोंबते ठेवले. दोरावरचा ताण आता त्या वजनाइतकाच राहिला. पाळण्याचा भार वाढला तर दोर थोडा अधिक झोळ घेई आणि वजन वर चढे, एवढेच. एखादा दोर तुटला तरी उरलेल्या दोरांवरचा ताण वाढत नसे. माणसांची वाहतूक करण्याइतकी ही रचना सुरक्षित होती. पण स्वित्झर्लंडमध्ये ती मांडली असता तिची उपेक्षा झाली आणि थट्टाही. अखेर इ.स. १९०७ मध्ये सान सेबास्तियान येथील मोन्ते उलिया या डोंगरावर त्यांचा प्रवासी रज्जुमार्ग सुरू झाला. नायगारा नदीच्या भोवऱ्यावरून जाणारा सुमारे ५४० मीटर लांबीचा रज्जुमार्ग ८ ऑगस्ट, इ.स. १९१६ रोजी खुला झाला. तो शतकाहून अधिक काळ पर्यटकांना नेत आहे.

== बीजगणितीय यंत्रे आणि डिफरन्शियल ==

इ.स. १८९३ मध्ये तोरेस केवेदो यांनी बीजगणितीय यंत्रांवरील निबंध माद्रिदच्या विज्ञान अकादमीला सादर केला. इ.स. १९०० मध्ये याच विषयावरील विस्तृत प्रबंध त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. संख्या चाकाच्या फिरण्याने दाखवायची आणि चाके एकमेकांना अशी जोडायची की त्यांची हालचाल हेच समीकरण व्हावे, असा त्यांचा विचार होता.

येथे डिफरन्शियल उपयोगी पडले. बैलगाडीची दोन्ही चाके आसाभोवती स्वतंत्रपणे फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकाने जास्त अंतर कापले तरी काही अडत नाही. आसच मोटरने फिरवायचा झाला, तर मात्र त्याला पक्की बसविलेली दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात आणि वळताना त्यांतले एक घासटत जाते. ही अडचण दूर करण्यासाठी आसाचे दोन भाग करून मध्ये दंतचक्रांची पेटी बसवितात. तीच डिफरन्शियल होय. फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकेर यांनी १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी ती वापरली होती. या पेटीचा नियम सोपा आहे. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज नेहमी पेटीच्या फेऱ्यांच्या दुप्पट असते. पेटी दहा वेळा फिरली तर सरळ रस्त्यावर दोन्ही चाके दहा-दहा वेळा फिरतील. वळणावर आतले आठ आणि बाहेरचे बारा वेळा फिरेल. एक चाक अडकून पडले, तर दुसरे वीस वेळा फिरेल.

मोटारगाडीत पेटी फिरविली जाते आणि गती दोन चाकांत वाटली जाते. तोरेस केवेदो यांनी हाच व्यवहार उलट बाजूने पाहिला. दोन्ही बाजूंचे दांडे फिरविले आणि पेटी किती फिरली ते पाहिले, तर पेटी त्या दोन गतींची बेरीज सांगते. बेरजेची निमपट एका साध्या दंतचक्राच्या जोडीने भरून काढता येते. गाडीत वाटणी करणारे यंत्र अशा रीतीने बेरीज करणारे यंत्र झाले.

बेरीज साधली की लॉगॅरिथमच्या आधारे गुणाकारही साधतो, कारण गुणाकाराचा लॉगॅरिथम हा लॉगॅरिथमांची बेरीज असतो. चाकांचे फिरणे संख्येऐवजी तिच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात ठेवले, तर फार लहान आणि फार मोठ्या संख्या एकाच तबकडीवर मावतात आणि चुकीचे सापेक्ष प्रमाणही सारखे राहते. मात्र समीकरणातील पदे शेवटी एकमेकांत मिळवावी लागतात आणि दोन लॉगॅरिथमांवरून मूळ संख्यांच्या बेरजेचा लॉगॅरिथम काढणे दंतचक्रांना सहज जमणारे नाही. यासाठी त्यांनी अखंड मळसूत्री तर्कू नावाने ओळखला जाणारा भाग घडविला. बाटलीप्रमाणे निमुळत्या होत जाणाऱ्या घनाकृतीवर सर्पिल दाते कापलेले असत आणि त्यांवरून सरकणारे चाक हे अवघड नाते बिनचूक पाळी. आठ पदांच्या समीकरणाची मुळे काढणारे यंत्र त्यांनी पुढे प्रत्यक्ष बांधले. त्यात अज्ञात राशीचे चाक फिरवीत जायचे. धन पदांची बेरीज ऋण पदांच्या बेरजेएवढी झाली, की त्या क्षणी चाकावर दिसणारे मूल्य हे समीकरणाचे मूळ. शाळेत समीकरणे कागदावर सोडविणाऱ्या विद्यार्थ्याला हे यंत्र पाहायला मिळाले, तर मूळ या शब्दाचा अर्थ त्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

== तेलेकिनो ==

तेलेकिनोचा उगम हवाई नौकांच्या विचारात आहे. वायूने भरलेल्या, इंजिनावर चालणाऱ्या हवाई नौकेची रचना तोरेस केवेदो यांनी इ.स. १९०२ मध्ये मांडली होती. अशा नौकांच्या चाचण्या जिवावर बेतणाऱ्या असत. चाचणीसाठी कोणाचा जीव पणाला लावण्याऐवजी नौका जमिनीवरूनच चालविता आली तर, या प्रश्नातून दूरनियंत्रणाची कल्पना निघाली. नावही त्याच अर्थाचे आहे. ते दूर आणि गती या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडविले आहे. इ.स. १९०२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी फ्रान्समध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि इ.स. १९०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे प्रयोग करून दाखविला.

या क्षेत्रात ते एकटे नव्हते. निकोला टेस्ला यांनी इ.स. १८९८ मध्ये न्यू यॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी लहान नौका लोकांना दाखविली होती आणि दूरनियंत्रणाच्या इतिहासात तिचे स्थान पहिले आहे. तोरेस केवेदो यांचे वैशिष्ट्य आज्ञा देण्याच्या पद्धतीत आहे. त्यांचा प्रेषक म्हणजे तारयंत्राची साधी कळ होती. कळ दाबली की एक लहर निघे. गाडीवरच्या ग्राहकात धातूच्या भुकटीने भरलेली काचेची नळी असे. लहर पोहोचताच भुकटीतून वीजप्रवाह वाहू लागे आणि त्यामुळे एक फिरता स्विच एक घर पुढे सरके. तीन लहरी आल्या तर तिसरे घर, पाच आल्या तर पाचवे. लहरी थांबल्या की स्विच ज्या घरावर असेल त्या घराची आज्ञा अमलात येई. अशा एकोणीसपर्यंत वेगवेगळ्या आज्ञा देण्याची सोय त्यांच्या नमुन्यांत होती. एक सर्वोमोटर सुकाणू किंवा पुढचे चाक वळवी, तर दुसरी मुख्य मोटरचा वेग ठरवी.

हवेतून आलेली लहर इतकी क्षीण असते की तिने सुकाणू वळणे शक्य नाही. तिने फक्त निरोप पोहोचवावा आणि काम करण्याचे बळ गाडीवरच्या बॅटरीने पुरवावे, ही विभागणी या उपकरणाच्या मुळाशी आहे. शिवाय सुकाणू नुसते डावीकडे किंवा उजवीकडे न फिरता ठरविलेल्या कोनात जाऊन थांबे.

इ.स. १९०४ मध्ये माद्रिदमधील बेती जाई या, पेलोटा नावाच्या चेंडूच्या खेळासाठी बांधलेल्या क्रीडागारात पहिल्या चाचण्या झाल्या. उंच भिंतींनी वेढलेले सपाट मैदान तेथे आयतेच मिळाले. विजेवर चालणारी तीनचाकी गाडी त्यांनी २० ते ३० मीटर अंतरावरून चालविली. अंतर थोडे वाटेल, पण आज्ञेनुसार गाडी निघते, वळते आणि थांबते हे सिद्ध झाले होते. जमिनीवर चाचणी घेण्याचा आणखी एक लाभ असा की आज्ञा चुकली तर गाडी फार तर भिंतीला धडकते. बुडत किंवा कोसळत नाही.

त्यानंतर ते पाण्याकडे वळले. माद्रिदच्या कासा दे काम्पो या उद्यानातील तळ्यात सुमारे २५० मीटर अंतरावरून होडी चालविण्यात आली. मग बिल्बाओच्या बंदरात विथ्काया नावाची, माणसे बसलेली होडी किनाऱ्यावरील क्लबच्या गच्चीवरून सुमारे दोन किलोमीटरपर्यंत चालविली गेली. २५ सप्टेंबर, इ.स. १९०६ रोजी राजे तेरावे आल्फोन्सो आणि मोठ्या जनसमुदायासमोर हा प्रयोग यशस्वी झाला. होडीत बसलेल्यांपैकी कोणाच्याही हाती सुकाणू नव्हते.

पुढची पायरी अस्त्रांची होती. पाणतीर याच रीतीने चालविण्याची त्यांची योजना होती, पण तिच्यासाठी आर्थिक साहाय्य मिळाले नाही आणि त्यांनी तेलेकिनोचे काम सोडून दिले. माणसाचा जीव धोक्यात न घालण्याच्या हेतूने जन्मलेले उपकरण शस्त्राच्या दारापर्यंत जाऊन पैशाअभावी थांबले. राजासमोर यशस्वी झालेल्या प्रयोगालाही पुढचा पैसा मिळत नाही, हे तेव्हाच्या स्पेनमधील संशोधनाच्या स्थितीचे बोलके उदाहरण आहे. या खंडामुळे तेलेकिनो दीर्घकाळ विस्मरणात गेले आणि दूरनियंत्रणाच्या अनेक इतिहासांत त्याचा उल्लेखही आला नाही.

== हवाई नौका ==

ज्या हवाई नौकांसाठी तेलेकिनो घडले, त्यांचे नशीब मात्र उजळले. आतील दोरांच्या जाळ्याने आकार टिकवून धरणारी, तीन फुगीर कप्प्यांची त्यांची रचना वजनाला हलकी आणि तरीही स्थिर होती. स्पेनमध्ये लष्करी अधिकारी आल्फ्रेदो किंदेलान यांच्या साहाय्याने पहिली नौका बांधली गेली. पुढे फ्रान्समधील आस्त्रा कंपनीने हे पेटंट घेतले. आस्त्रा-तोरेस नावाच्या या नौका पहिल्या महायुद्धात फ्रेंच आणि ब्रिटिश आरमारांनी पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी वापरल्या.

== बुद्धिबळ खेळणारे यंत्र ==

एल आखेद्रेसिस्ता, म्हणजे बुद्धिबळपटू, हे यंत्र त्यांनी इ.स. १९१२ मध्ये तयार केले आणि इ.स. १९१४ मध्ये पॅरिस येथे दाखविले. यंत्राकडे पांढरा राजा आणि हत्ती, तर माणसाकडे फक्त काळा राजा असे. माणसाने काळा राजा हलविला की त्याची जागा विद्युतमंडलाला कळे आणि ठरलेल्या नियमांनुसार यंत्र आपली खेळी करी. माणसाने नियमबाह्य खेळी केल्यास दिवा लागे. तीन वेळा तसे झाले तर यंत्र खेळणे थांबवी. मात कमीत कमी खेळ्यांत होईलच असे नसे, परंतु ती टळतही नसे. अठराव्या शतकात युरोपभर गाजलेल्या बुद्धिबळयंत्रात माणूस लपविलेला होता. येथे लपण्यासारखे कोणीच नव्हते. इ.स. १९२० च्या सुमारास पुत्र गोन्सालो यांच्या सहकार्याने दुसरे यंत्र बनले. त्यात सोंगट्या पटाखालील चुंबकांनी सरकत.

इ.स. १९१४ मध्ये त्यांनी स्वयंचलनशास्त्रावरील निबंध प्रसिद्ध केला. परिस्थिती पाहून पुढील कृती निवडणारी यंत्रे बांधता येतील, असे त्यात त्यांनी प्रतिपादन केले. संख्या तिच्या अंकांत आणि घातांकात विभागून यंत्रात लिहिण्याची पद्धतही तेथे मांडली आहे. इ.स. १९२० मध्ये पॅरिस येथे त्यांनी टंकलेखन यंत्राला जोडलेले विद्युत-यांत्रिक गणकयंत्र दाखविले. दुरून लिहिलेले उदाहरण सोडवून ते उत्तर टंकित करीत असे.

== सन्मान आणि अखेर ==

इ.स. १९०१ मध्ये ते माद्रिदच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. इ.स. १९१६ मध्ये राजे तेरावे आल्फोन्सो यांच्या हस्ते त्यांना एचेगाराय पदक मिळाले. इ.स. १९१८ मध्ये देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले. कादंबरीकार बेनितो पेरेस गाल्दोस यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागी इ.स. १९२० मध्ये स्पॅनिश भाषेच्या राजकीय अकादमीने त्यांची निवड केली. भाषेच्या अकादमीत कादंबरीकाराच्या आसनावर अभियंता बसणे ही घटना आपल्याकडेही नवलाची वाटावी. पॅरिस विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने इ.स. १९२७ मध्ये परदेशी सहयोगी म्हणून त्यांचा गौरव केला.

यादवी युद्ध सुरू असताना, वेढलेल्या माद्रिदमध्ये १८ डिसेंबर, इ.स. १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला दहा दिवस उरले होते. युद्धाच्या धामधुमीत या मृत्यूकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

== वारसा ==

रेडिओ नियंत्रित मोटारगाडीत आजही तेलेकिनोप्रमाणेच दोन आज्ञा मुख्य असतात. एक सुकाणूच्या सर्वोला जाते आणि दुसरी मोटरच्या वेगाला. लहरी मोजण्याची जागा आता संकेतांच्या सूक्ष्म कालमापनाने घेतली आहे. सर्वो चाके किती वळली ते स्वतः मोजतो आणि हव्या त्या कोनात थांबतो.

गाडी मोटरच्या बळाने धावत असताना चाकांमध्ये त्या बळाची वाटणी डिफरन्शियल करते. शर्यतीच्या छोट्या गाड्यांमध्ये ही वाटणी चालक स्वतः जुळवून घेतो. बंद पेटीत सिलिकॉन तेल भरलेले असते. तेल घट्ट असेल तर चाकांच्या वेगांतील फरकाला विरोध होतो आणि एक चाक उचलले गेले तरी दुसऱ्याला ओढ मिळते. पातळ असेल तर गाडी वळणात सहज शिरते, पण हलके झालेले चाक व्यर्थ फिरून बळ वाया घालवते. मातीवरच्या चारचाकी-चालन गाड्यांत पुढे, मागे आणि मध्ये अशी तीन डिफरन्शियल असतात. मागच्या पेटीत सामान्यतः पुढच्यापेक्षा पातळ तेल घालतात, म्हणजे वळणावर गाडीची मागची बाजू जमिनीला धरून राहते. काही गाड्यांत दातांऐवजी छोट्या गोळ्या असतात आणि स्क्रू पिळून त्यांची घसरण कमी-जास्त करता येते. मुद्दाम घसरत चालविण्याच्या गाड्यांत मागचा आस बहुधा अखंडच ठेवतात, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरतात. पेटी दहा, एक चाक आठ, दुसरे बारा हा हिशेब तेलाने बदलत नाही. आठ आणि बारा यांच्यातील अंतर किती सहज पडू द्यायचे, एवढेच तेल ठरविते.

इ.स. २००७ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या आयईईई या आंतरराष्ट्रीय संस्थेने तेलेकिनोचा अभियांत्रिकीतील मैलाचा दगड म्हणून गौरव केला. दोन्ही बुद्धिबळयंत्रे आणि त्यांची इतर उपकरणे माद्रिदच्या तंत्रविद्यापीठातील स्थापत्य विद्यालयाच्या तोरेस केवेदो संग्रहालयात जतन केलेली आहेत.